एकाच बँकेची दोन-तीन क्रेडिट कार्डं असतील तर लिमिट कसं वाढवून घ्यायचं

दिवाळीच्या आधी घरचा फ्रिज बंद पडला म्हणून ४२ हजारांचा नवीन फ्रिज एका कार्डावर ईएमआयने घेतला, आणि चार दिवसांनी सर्व्हिसिंगला दिलेली गाडी आणायला गेलो तर त्याच बँकेचं दुसरं कार्ड मशीनवर डिक्लाइन. पुन्हा घातलं, पुन्हा डिक्लाइन. बिल फक्त ८,४०० चं. मागे तीन माणसं उभी आणि गॅरेजवाला बिचारा हळूच म्हणतोय "साहेब, जीपे करून टाका ना". माझ्या डोक्यात गणित असं की या कार्डाचं लिमिट ७५ हजार, त्या कार्डाचं ७५ हजार, म्हणजे दीड लाख खिशात आहेत. प्रत्यक्षात दोन्ही मिळून ७५ च होते. ४२ फ्रिजने अडवले होते, तीसेक हजार किराणा, कपडे, तिकिटं यात गेले होते, उरले जेमतेम तीन हजार, त्यात ८,४०० कुठून बसणार.

त्याच रात्री चिडून दोन्ही कार्डांवर वेगवेगळी लिमिट वाढवायची रिक्वेस्ट टाकली. दोन्ही नामंजूर. नंतर जे शिकलो ते पायरी-पायरीने लिहितोय, खास करून ज्यांनी नुकतंच दुसरं कार्ड घेतलंय त्यांच्यासाठी. आणि आजकाल हे फार जणांचं झालंय, कारण जून २०२२ मध्ये आरबीआयने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी दिली तेव्हापासून बँका जुन्या व्हिसा-मास्टरकार्डच्या जोडीला एक रुपे कार्ड देतात, आपणही चहावाल्याकडे स्कॅन करून पॉइंट मिळतील म्हणून घेतो, आणि लिमिटचं काय झालं ते विचारतच नाही.

पहिली पायरी: विहीर एक आहे का दोन, ते बघा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, बाकीच्या पायऱ्या याच्यावर अवलंबून आहेत, म्हणून इथे घाई करू नका. एकाच विहिरीवर दोन मोटरी बसवल्या म्हणून पाणी दुप्पट होत नाही. बऱ्याच बँका माणसाला एक लिमिट ठरवून देतात आणि त्याच्याकडे असतील तेवढी कार्डं त्याच लिमिटवर चालतात, याला बँकवाले शेअर्ड किंवा कंबाइन्ड लिमिट म्हणतात. काही बँकांत किंवा काही को-ब्रँडेड (दुसऱ्या कंपनीसोबत मिळून काढलेल्या) कार्डांवर मात्र वेगळं लिमिट मिळतं. गंमत म्हणजे एकाच बँकेत तुमची दोन कार्डं एकत्र आणि तिसरं वेगळं असंही असू शकतं, त्यामुळे मित्राचं कसं आहे ते विचारून उपयोग नाही, आपलं आपण बघायचं.

बघायची सोपी युक्ती. बँकेचं अॅप उघडा, दोन्ही कार्डांचं अव्हेलेबल लिमिट कागदावर लिहून ठेवा. मग एका कार्डावर लहानसा खर्च करा, समजा मेडिकलमधून २४० रुपयांची औषधं. थोड्या वेळाने पुन्हा अॅप बघा. दोन्ही कार्डांचे आकडे २४० ने उतरले असतील तर विहीर एक. ज्यावर खर्च केला त्याचाच आकडा उतरला तर विहिरी दोन. काही अॅप आकडा उशिरा बदलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा बघा. टोटल लिमिटच्या आकड्यावर जाऊ नका, तिथे दोन्ही कार्डांखाली ७५,००० असं छापलेलं असतं आणि माझ्यासारखा माणूस त्याची बेरीज करून मोकळा होतो.

तरी खात्री नसेल तर कस्टमर केअरला फोन लावा आणि नेमकं एवढंच विचारा, "माझ्या दोन्ही कार्डांचं लिमिट कंबाइन्ड आहे का सेपरेट?" समोरून "कस्टमर लेव्हल लिमिट आहे सर" असं उत्तर आलं तर समजा एकच विहीर. बायकोला किंवा आईला दिलेलं अॅड-ऑन कार्ड असेल तर तेही तुमच्याच लिमिटमधून पाणी ओढतं हे लक्षात ठेवा, आमच्याकडे एकदा महिनाभर मी कोण एवढं खर्च करतंय म्हणून शोधत होतो, ती घरातच होती.

दुसरी पायरी: खरंच लिमिट पाहिजे का, का नुसतं बिल लवकर भरायला पाहिजे

बहुतेक जण लिमिट मागतात ते दोन कारणांनी. एक, महिन्याच्या शेवटी कार्ड अडतं. दोन, कुणीतरी सांगितलेलं असतं की लिमिटच्या ३० टक्क्यांच्या वर वापर गेला की सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज कसं वापरता आणि फेडता त्याचे गुण, पडतो. हा ३० टक्क्यांचा आकडा काही कायदा नाही, ढोबळ अंदाज आहे, पण दिशा बरोबर आहे, लिमिटच्या मानाने वापर जेवढा कमी तेवढं बरं.

आता हिशेब बघा. समजा दोन कार्डांचं मिळून लिमिट १,२०,००० आहे आणि महिन्याला एकावर ४५ हजार, दुसऱ्यावर १५ हजार असा ६० हजारांचा खर्च होतो. वापर झाला ५० टक्के. लिमिट दोन लाख झालं तर तोच खर्च ३० टक्क्यांवर येतो, छान. पण लिमिट न वाढवता स्टेटमेंट निघायच्या दोन-तीन दिवस आधीच ३० हजार भरून टाकले तर स्टेटमेंटवर राहिले ३० हजार, म्हणजे २५ टक्के. कुणाकडे अर्ज नाही, एन्क्वायरी (बँकेने तुमचा क्रेडिट रिपोर्ट उघडून बघणं) नाही, काही नाही. म्हणजे पैसे खात्यात असतील आणि फक्त मधेमधे कार्ड अडत असेल तर मधेच भरणा करणं हा सरळ उपाय आहे, लिमिटच्या मागे लागायचीच गरज नाही.

आणि पैसे खात्यात नसतील तर? मग तर अजिबात मागू नका. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण हे अंथरूण बँकेचं आहे आणि भाडं फार महाग आहे. ३.७५ टक्के महिना या दराने ६० हजारांवर एका महिन्याचं व्याज २,२५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४०५, म्हणजे २,६५५ रुपये गेले आणि मुद्दल जागच्या जागी. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरला की काम झालं असं वाटतं, पण तेवढंच भरलं तर नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागायला लागतं, हे स्टेटमेंटच्या मागच्या बारीक अक्षरात असतं आणि कोणी वाचत नाही.

तिसरी पायरी: रिपोर्ट काढा

कोणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या म्हणजे क्रेडिट ब्युरो, आपल्याकडे चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, २०१७ पासून नियमच आहे, त्यामुळे पैसे भरायला लावणाऱ्या पानावर लगेच कार्ड नंबर टाकू नका, फुकटवाली लिंक बहुतेक वेळा कोपऱ्यात असते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या वर असेल तर साधारण निवांत.

पण स्कोअरपेक्षा आतली पानं बघा. तुमची दोन्ही कार्डं दिसतायत का, त्यांच्यासमोर लिमिट किती लिहिलंय, कधीकाळी बंद केलेलं कार्ड अजून चालू दाखवतंय का, एखादा हप्ता उशिरा भरल्याची नोंद चुकून लागली आहे का. चूक असेल तर आधी ती ब्युरोकडे तक्रार टाकून दुरुस्त करा, मग लिमिटचं बघू. बँकांनी ब्युरोला माहिती किमान पंधरा दिवसांतून एकदा द्यायची असा नियम जानेवारी २०२५ पासून आहे, त्यामुळे तुम्ही बाकी भरल्यावर रिपोर्टमध्ये ते दिसायला पूर्वीसारखं दीड-दोन महिने थांबावं लागत नाही.

चौथी पायरी: दोन-तीन महिने गुण्यागोविंदाने वागा

रिक्वेस्ट टाकायच्या आधी दोन-तीन बिलं पूर्णच्या पूर्ण, वेळेत भरलेली दिसली पाहिजेत. ऑटो-पे लावताना तिथे टोटल ड्यू का मिनिमम ड्यू असं विचारतात, टोटल निवडा. कार्डावरून एटीएममधून कॅश काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी लागते, आणि बँकेला वाटतं याला पैशाची चणचण आहे.

दुसरीकडे, कार्ड नुसतं कपाटात ठेवूनही लिमिट वाढत नाही. जो वापरतच नाही त्याला वाढवून देऊन बँकेला काय मिळणार. लाइट बिल, मोबाइल, किराणा, पेट्रोल असा नेहमीचा खर्च फिरवत राहायचा आणि वेळेत भरत राहायचं, बस. कार्ड नवीन असेल तर निदान सहा महिने तरी मागू नका, काही बँका वर्षभर थांबायला सांगतात.

पाचवी पायरी: आधी अॅपमध्ये ऑफर आली आहे का ते बघा

अॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्ड सेक्शनला जाऊन लिमिट एन्हान्समेंट, लिमिट इन्क्रीज असलं काहीतरी शोधा. बँकेने तुमच्यासाठी आधीच ठरवून ठेवलेली ऑफर असेल तर तिथे नवा आकडा दिसतो, हो म्हटलं की झालं, कागदपत्रं नाहीत आणि सहसा नवीन एन्क्वायरीही नाही. हा सगळ्यात स्वस्त रस्ता. ऑफर नसेल तर महिन्यातून एकदा डोकावत राहा.

एक लक्षात ठेवा, तुम्ही हो म्हटल्याशिवाय बँकेने परस्पर लिमिट वाढवायचं नाही, आरबीआयच्या क्रेडिट कार्ड नियमांत हे स्पष्ट आहे. कमी मात्र बँक करू शकते, पण तसं तुम्हाला कळवावं लागतं. त्यामुळे बँकेचे एसएमएस नुसते स्वाइप करून उडवत जाऊ नका.

आणि हो, "मी बँकेतून बोलतोय, तुमचं लिमिट तीन लाख करतोय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो चोर आहे, फोन ठेवा. लिमिट वाढवायला बँक फोनवर ओटीपी विचारत नाही, व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल (फोनमध्ये अॅप टाकणारी फाइल) पाठवत नाही, स्क्रीन शेअर करायला लावत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि कार्ड ब्लॉक करा.

सहावी पायरी: मागायचं कुठल्या कार्डावर

विहीर एक असेल तर कुठल्याही एकाच कार्डावरून, एकदाच. दोन्हींवर टाकलं तर बँकेच्या सिस्टिमला एकाच माणसाच्या दोन रिक्वेस्ट दिसतात, फायदा शून्य, आणि कागदपत्रं घेऊन होणारी तपासणी असेल तर उगाच दोनदा रिपोर्ट उघडला जायची शक्यता. माझं तेच झालं होतं. ब्युरोकडून रिपोर्ट बघितल्याचा मेसेज यायला लागला तेव्हा कळलं.

विहिरी वेगळ्या असतील तर जरा डोकं लावावं लागतं. मी म्हणेन जे कार्ड जास्त वापरता आणि ज्याचा इतिहास जुना आहे त्याच्यावर आधी मागा. उत्तर येऊ दे. मंजूर झालं तर दुसऱ्यासाठी सहा महिने थांबा, कारण बँक शेवटी माणूस बघते, या माणसाला एकूण किती द्यायचं हा आकडा तिच्याकडे ठरलेला असतो आणि एका कार्डावर दिलं की दुसऱ्याच्या वाट्याचं तेवढं कमी होतं. नामंजूर झालं तरी लगेच दुसऱ्यावर टाकू नका, ज्या कारणाने पहिलं गेलं त्याच कारणाने दुसरंही जाणार.

इथे एक रस्ता फार कमी जणांना माहीत असतो. तीन कार्डं आहेत, त्यातलं एक पडूनच आहे, त्याचं लिमिट ८० हजार आणि रोजच्या कार्डाचं ५० हजार. अशा वेळी नवीन लिमिट मागण्यापेक्षा पडून असलेल्या कार्डावरचं ६० हजार इकडे सरकवून द्या असं मागा. सगळ्या बँका करत नाहीत, अॅपमध्ये तर क्वचितच सापडतं, कस्टमर केअर किंवा ब्रँचमध्ये विचारावं लागतं, पण बँकेचं यात जास्तीचं काही जात नाही म्हणून मिळायचा चान्स चांगला असतो.

सातवी पायरी: कागदपत्रं देऊन मागणं

ऑफर नाही, तरी पाहिजेच आहे, आणि पगार खरंच वाढलाय, तर हा मार्ग. नोकरदाराला लागतात शेवटच्या दोन-तीन सॅलरी स्लिप, फॉर्म १६, आणि पगार जमा होतो त्या खात्याचं तीन ते सहा महिन्यांचं स्टेटमेंट. पगार त्याच बँकेत येत असेल तर काम निम्मं झालं. धंदा असेल तर आयटीआर, शक्यतो दोन वर्षांचे, कॉम्प्युटेशनच्या (कमाई आणि टॅक्सच्या हिशेबाच्या) कागदासकट. आता दुकानदार मंडळींची अडचण मला माहितीय, टॅक्स वाचावा म्हणून रिटर्नमध्ये साडेपाच लाख दाखवलेले असतात आणि लिमिट दहा लाखांच्या कमाईच्या हिशेबाने पाहिजे असतं. बँक कागद बघते, गल्ला बघत नाही.

त्याआधी बँकेकडे तुमची कंपनी, पत्ता, पगार जुनाच लिहिलेला आहे का ते बघा. मी तीन वर्षांपूर्वी नोकरी बदलली होती आणि बँकेच्या कागदावर मी अजून जुन्या कंपनीत, जुन्या पगारावर होतो. हे नुसतं अपडेट केलं आणि पुढच्या काही महिन्यांत ऑफर आपोआप आली.

रिक्वेस्टमध्ये पाल्हाळ लावू नका. मी दुसऱ्या वेळी हे लिहिलं होतं: "माझा पगार एप्रिलपासून वाढला आहे, तीन सॅलरी स्लिप जोडल्या आहेत. दोन्ही कार्डांचं एकत्र लिमिट सध्या ७५,००० आहे, ते १,५०,००० करावं. यासाठी नवीन क्रेडिट एन्क्वायरी होणार असेल तर आधी कळवावं." शेवटचं वाक्य विसरू नका. गृहकर्ज किंवा गाडीचं कर्ज पुढच्या तीन-चार महिन्यांत घ्यायचं असेल तर एन्क्वायरी होणारा मार्ग सध्या टाळाच.

आकडा किती मागायचा? दुप्पटपर्यंत ठीक, ७५ हजारांवरून थेट पाच लाख मागितले तर समोरचा माणूस पण हसतो.

पगाराचे कागदच नाहीत असे लोक, म्हणजे नुकतंच कॉलेज संपलेले, घरून काम करणाऱ्या ताई, निवृत्त काका, यांच्यासाठी एफडीवर कार्ड हा पर्याय आहे, एफडीच्या साधारण ८०-९० टक्के लिमिट मिळतं. मात्र त्याच बँकेच्या आधीच्या कार्डाबरोबर ते लिमिट जोडलं जाणार का वेगळं राहणार हे आधी विचारून घ्या.

नाही म्हणाले तर

सहा महिने थांबा, पुन्हा मागा. रोज फोन करून काही होत नाही. लिमिट किती द्यायचं हा बँकेचा धंद्याचा निर्णय आहे, त्याच्याविरुद्ध आरबीआयच्या लोकपालाकडे तक्रार चालत नाही. पण न विचारता लिमिट वाढवलं, न विचारता कार्ड अपग्रेड करून फी लावली, असल्या गोष्टींची तक्रार नक्की चालते. आधी बँकेकडे लेखी करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर टाकायची, फी लागत नाही.

मिळालं, आता काय

विहीर एक असेल तर वाढलेलं लिमिट आता प्रत्येक कार्डावर उघडं पडलंय, हे कोणी सांगत नाही. पाकिटातलं कुठलंही एक कार्ड हरवलं तरी दीड लाखाचं दार उघडं. म्हणून मंजुरीचा मेसेज आला की पहिल्यांदा अॅपमध्ये जाऊन प्रत्येक कार्डाची रोजची मर्यादा स्वतः लावा, ही सोय २०२० पासून सगळ्या बँकांना द्यावीच लागते. माझं रुपे कार्ड फक्त यूपीआयसाठी आहे, त्याला पाच हजार ठेवलेत. दुसऱ्याचा परदेशी वापर बंद, टॅप करून पैसे जाणं बंद, कारण टॅपवर पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही.

ईएमआयवर काही घेताना त्याची रक्कम लिमिटमधून अडते आणि हप्ता भरत जाल तशी हळूहळू सुटते, कार्डावर लोन घेतलं तर तेही बहुतेक वेळा तसंच. एकच विहीर असेल तर दुसरं कार्डही तेवढंच अडलं, माझ्या फ्रिजसारखं. तेव्हा मोठी ईएमआय करायच्या आधी महिन्याचा नेहमीचा खर्च त्यातून वजा करून बघा.

आणि तीन कार्डांतलं एखादं बंदच करायचं ठरवलं, तर आधी लिमिट दुसऱ्यावर सरकवून घ्या, विहीर एक असेल तर बंद केल्यावर एकूण लिमिट तेवढंच राहणार ना हे लेखी विचारा, त्या कार्डावरचे ऑटो-पे, यूपीआय जोडणी काढा, पॉइंट वापरून टाका, बाकी शून्य करा आणि मगच अर्ज द्या. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायचं असतं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. अर्जाचा नंबर आणि तारखेचा स्क्रीनशॉट तेवढा काढून ठेवा.